ता.क. मधली ओळ आणि पाच तासांवरचा डॉक्टर

पत्र, थोडं कापून:

"मॅडम नमस्कार. आमची मुलगी ५ महिन्यांची आहे. श्वास घेताना घशातून घर्र घर्र आवाज येतो. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झाला आणि आता वाढलाय. बालरोगतज्ज्ञ म्हणतात लॅरिंगोमलेशिया आहे, दीड-दोन वर्षांची झाली की आपोआप जाईल. सासूबाई म्हणतात कफ आहे, म्हणून घरी नेब्युलायझर चालूच असतं. इथल्या ईएनटी डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून बघितलं, म्हणाले वरचा भाग जरा ढिला आहे, स्वरतंतू नीट हलतायत, पण एकदा लहान मुलांच्या श्वासमार्गाच्या सर्जनला दाखवा, भूल देऊन आत बघायला लागेल. ते डॉक्टर पाच तासांवर आहेत. मिस्टर म्हणतात ईएनटी म्हणजे ईएनटीच ना, तिकडे जाऊन परत तोच कॅमेरा घालणार, एवढ्याशा बाळाला भूल कशाला, मोठी झाली की बघू. नणंदेने वाचलंय की भुलीने मेंदूवर परिणाम होतो आणि हे डॉक्टर सरळ गळ्याला भोक पाडतात. दूध पिताना दमते, गेल्या महिन्यात वजन ३०० ग्रॅम वाढलं. जावं का?
ता.क. ती ३० आठवड्यांची झाली होती, १६ दिवस व्हेंटिलेटरवर होती, नळी एकदा काढून परत घालावी लागली."

जा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तुम्ही रात्री बाळाला खांद्यावर घेऊन एका हाताने मोबाईलवर हे वाचत असणार. या आठवड्यात फोन करा, मिळेल ती पहिली तारीख घ्या आणि जा, मोठी व्हायची वाट बघू नका.

आता का ते सांगते. मी सर्जन नाही, मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं लहान मुलांनाच भूल देत आलेय, म्हणजे हे श्वासमार्गाचे सर्जन ज्या एवढ्याशा घशात काम करतात त्याच घशात त्याच वेळी मलाही माझं काम करायचं असतं, त्यामुळे त्यांचं कौतुकही जवळून बघितलंय आणि कोण किती पाण्यात आहे तेही. तुमच्या बाळाला मी तपासलेलं नाही, तेव्हा निदान करत नाहीये, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ता.क. मध्ये टाकलीय एवढं मात्र सांगायलाच पाहिजे. १६ दिवस नळी, आणि ती एकदा काढून परत घातली. हे तुम्ही बालरोगतज्ज्ञांना सांगितलं होतं का, की घराजवळचे हे डॉक्टर वेगळे आणि काचेत ठेवलं होतं तिथले डॉक्टर वेगळे, आणि ती फाईल कपाटातच राहिली? बहुतेक वेळा असंच झालेलं असतं.

बालरोगतज्ज्ञ चुकले असं मी म्हणत नाहीये हां. तान्ह्या बाळाच्या श्वासाला असा आवाज येत असेल तर सगळ्यात जास्त वेळा कारण लॅरिंगोमलेशियाच निघतं. स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ, लिबलिबीत असतो, बाळाने श्वास आत ओढला की तोही आत ओढला जातो आणि वाजतो. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं, सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढू शकतं, मग हळूहळू कमी होत वर्ष-दोन वर्षांत जातं, बहुतेकांना ऑपरेशन वगैरे काही लागत नाही. उताणं झोपवलं, रडलं, दूध पीत असलं की आवाज वाढतो, पालथं केलं की कमी होतो. (कमी होतो म्हणून झोपवताना मात्र पालथं घालू नका, एवढ्या बाळाला उताणंच झोपवायचं, पालथं फक्त जागी असताना आणि तुम्ही समोर बसलेल्या असताना.) आणि इथल्या ईएनटी डॉक्टरांना कॅमेऱ्यात वरचा भाग ढिला दिसलाय, म्हणजे तुमच्या बाळाला ते थोडंफार असेलही.

पण ते आहे म्हणून दुसरं काही नाही असं होत नाही. श्वासमार्गात एकाच वेळी दोन ठिकाणी दोष असणं ही काही विचित्र गोष्ट नाही, आणि ज्या बाळाच्या घशात नळी होती त्याच्यात तर स्वरतंतूंच्या खाली काय चाललंय हे बघितल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये.

तिथे काय होतं ते जरा समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. स्वरतंतूंच्या लगेच खाली कूर्चेचं एक कडं असतं. खालच्या श्वासनलिकेची कडी मागच्या बाजूला उघडी असतात, तिथे नुसता मऊ पडदा असतो, पण हे एक कडं मात्र सगळीकडून बंद, पूर्ण गोल. म्हणजे आतल्या बाजूला सूज आली तर ती बाहेर पसरू शकत नाही, आतच येणार. वेळेवर जन्मलेल्या बाळात ही जागा साधारण ४ ते ५ मिलिमीटर, आधी जन्मलेल्यांत त्याहून कमी. त्यात दिवसेंदिवस नळी राहिली की आतल्या नाजूक आवरणावर दाब पडतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, जखम होते, आणि जखम भरताना जो व्रण तयार होतो तो आकसतो. हे नळी काढल्या काढल्या दिसेलच असं नाही, काही आठवड्यांनी हळूहळू दिसायला लागतं. तुमच्याकडे आवाज घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झाला ना, म्हणून माझे कान टवकारले. डॉक्टर याला सबग्लॉटिक स्टेनोसिस म्हणतात, आणि नळी राहिलेल्या बाळांत त्याच जागी कधीकधी पाण्याच्या गाठीही होतात, त्या तर दुर्बिणीतूनच फोडता येतात.

आणि एक-दोन मिलिमीटरने एवढं काय होतं असं मिस्टर म्हणतील, म्हणून हा हिशोब त्यांना दाखवा. ४ मिलिमीटरच्या जागेत चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर आतली वाट उरते २ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला, पण वाटेचं क्षेत्रफळ पावच राहिलं, आणि हवेला होणारा विरोध १६ पट वाढला. हे शांत झोपलेली असताना. रडताना, जोरात श्वास ओढताना हवा घुसळून निघते तेव्हा त्याहूनही जास्त. मोठ्या माणसाच्या घशात तेवढीच सूज आली तर आवाज बसतो आणि आपण गरम पाण्याच्या गुळण्या करतो.

वजनाबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय पण मला तेच जास्त टोचलं. महिन्याला ३०० ग्रॅम म्हणजे दिवसाला १०. तिचं वय ५ महिने धरलं तरी ती १० आठवडे आधी आलीय, म्हणजे हिशोबाने जेमतेम तीन महिन्यांची, आणि या वयात दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दूध पिताना दमणं आणि वजन न वाढणं या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बाळाची सगळी ताकद श्वास घेण्यातच चाललीय असं समजायचं. अगदी फक्त लॅरिंगोमलेशियाच असता तरी वजन असं अडकल्यावर "आपोआप जाईल" हे उत्तर पुरत नाही, अशा बाळांना सर्जनला दाखवायलाच लागतं आणि त्यातल्या काहींचा तो वरचा ढिला भाग दुर्बिणीतून थोडा कापून वाट मोकळी करावी लागते.

आता मिस्टरांचा प्रश्न, ईएनटी म्हणजे ईएनटीच ना. तर हो आणि नाही. आधी तुमच्या इथल्या डॉक्टरांबद्दल बोलते. नाकातून जो कॅमेरा त्यांनी घातला तो पेनाच्या रिफिलीएवढा जाड असतो, बाळ जागं, आईच्या मांडीवर, दोन मिनिटांचं काम, आणि त्यात स्वरतंतूंपर्यंतचं छान दिसतं. त्याच्या खालचं नीट दिसत नाही. त्यांनी जे दिसलं ते सांगितलं, जे दिसत नव्हतं त्यासाठी पुढे पाठवलं. असा डॉक्टर सोडू नका, पुढे वर्षभर तुम्हाला गावात तोच लागणार आहे.

तिकडे जाऊन "परत तोच कॅमेरा" नाही घालणार. कदाचित ओपीडीत आधी तोही घालतील, पण खरी तपासणी म्हणजे भूल देऊन, तोंडातून सरळ कडक दुर्बीण घालून स्वरयंत्रापासून श्वासनलिकेच्या दोन फाट्यांपर्यंत सगळं बघणं, आणि ते कडं किती अरुंद आहे हे मोजणं. मोजायची पद्धत इतकी साधी आहे की मला ती फार आवडते. वेगवेगळ्या मापाच्या श्वासाच्या नळ्या हलक्या हाताने घालून बघायच्या, कुठली जाते आणि तिच्या बाजूने ठरावीक दाबाला हवा गळते का, आणि त्या वयाच्या बाळाला कुठलं माप जायला हवं होतं त्याच्याशी ताडून बघायचं. १९९४ मध्ये मायर, ओकॉनर आणि कॉटन या तिघांनी त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या आणि अजूनही जगभर त्याच वापरतात. निम्म्यापर्यंत अरुंद असेल तर पहिली, ५१ ते ७० टक्के दुसरी, ७१ ते ९९ तिसरी, आणि वाटच उरली नसेल तर चौथी. तुमच्या रिपोर्टवर "ग्रेड" म्हणून लिहितील तो हाच आकडा. वाटच उरली नाही अशा चौथ्या पायरीचं बाळ मांडीवर बसून तोंडाने रडूच शकत नाही, तेव्हा ती भीती मनातून काढा.

मग वेगळा डॉक्टर कशाला? ईएनटीचं शिक्षण झाल्यावर हे लोक आणखी एक-दोन वर्षं फक्त मुलांचं काम शिकतात, आणि त्यातले थोडे पुढे श्वासमार्गावरच राहतात. नुसती डिग्री सोडा, मी टेबलाच्या डोक्याच्या बाजूने बघते तेव्हा मला फरक दिसतो तो सवयीचा. पाच किलोच्या बाळाच्या ऑक्सिजनला खाली यायला काही सेकंद लागतात, मोठ्या माणसासारखी मिनिटं मिळत नाहीत. या तपासणीत नळी घालून मशीनवर श्वास देता येत नाही कारण जिथे नळी घालायची तीच जागा बघायचीय, त्यामुळे बाळ झोपलेलं पण स्वतः श्वास घेतंय अशा नेमक्या पातळीवर मला ठेवावं लागतं, आणि सर्जनने माझ्याकडे न बघताही माझ्या मॉनिटरचा आवाज ऐकत काम करावं लागतं. ऑक्सिजनबरोबर मॉनिटरचा सूर उतरला की ज्या सर्जनचा हात आपोआप मागे येतो त्याच्याबरोबर काम करायला मला आवडतं. "एक मिनिट, एकच मिनिट" म्हणणाऱ्याबरोबर नाही.

तेव्हा टॉन्सिल, कानात पाणी साठणं, कानात नळ्या बसवणं, यासाठी एरवी धडधाकट असलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोराला घेऊन पाच तास जायची काही गरज नाही, ते चांगला ईएनटी कुठेही करेल. पण वर्षाच्या आतलं बाळ, आधी जन्मलेलं, नळीवर राहिलेलं, वजन न वाढणारं, आणि शंका स्वरतंतूंच्या खालची, इथे मी माझ्या नातवंडालाही तिकडेच नेईन.

आता नणंदेचं गळ्याचं भोक. त्याचा थोडा इतिहास सांगते कारण तो उलटाच आहे. पूर्वी लहान बाळाला जास्त दिवस मशीनवर ठेवायचं म्हणजे गळ्याला छेद देऊनच ठेवायचे. १९६५ मध्ये मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड आणि स्टॉक्स या दोघांनी, आमच्याच जातीचे, म्हणजे भूलतज्ज्ञ, तान्ह्या बाळांना नाकातून नळी घालून दिवसेंदिवस ठेवता येतं हे मांडलं, आणि पुढे जी बाळं वाचायला लागली त्यात तुमची मुलगीही आली. पण वाचलेल्या त्या बाळांपैकी काहींत नळीच्या जागी व्रण होऊन वाट अरुंद व्हायला लागली, आणि मग त्यांच्या गळ्याला भोक पाडून वर्षानुवर्षं वाट बघण्याशिवाय फार काही हातात नव्हतं. १९७० च्या दशकात रॉबिन कॉटन या सर्जनने, ते पुढे सिनसिनाटीला होते, मुलाच्याच बरगडीची कूर्चा घेऊन ते अरुंद कडं रुंद करायची पद्धत रुजवली. १९८० मध्ये कॉटन आणि साइड यांनी, ज्या आधी जन्मलेल्या बाळांची नळी निघतच नाही त्यांचं ते कडं पुढून कापून सैल करायचं, असं ऑपरेशन मांडलं, आणि ते मांडलंच मुळी गळ्याच्या भोकाला पर्याय म्हणून. म्हणजे हे सर्जन लोक तयारच झाले ते भोक टाळायला आणि आधीचं असेल तर बंद करायला. नणंदेला सांगा.

तरीही प्रामाणिकपणे सांगते, कधीकधी ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे हेच गळ्याचं भोक, करावी लागते. वाट फारच अरुंद असेल, फुप्फुसं अजून कच्ची असतील, मोठं ऑपरेशन झेपण्याएवढं वजन नसेल, तेव्हा तो मधला काळ सुरक्षित काढायचा तो एक रस्ता आहे, आणि ती मुलं घरी राहतात, वाढतात, घरचे लोक सक्शन करायला, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढायला, शिकतात, सोपं नसतं पण शिकतात. तुमची मुलगी घरी आहे, ऑक्सिजनशिवाय आहे, दूध तोंडाने घेतेय, तेव्हा पहिल्या भेटीत हा विषय निघेल असं मला वाटत नाही. सौम्य अरुंदपणा असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, मूल वाढतं तसं कडंही वाढतं. त्याच्या पुढचं असेल तर वाटेत छोटा फुगा घालून ती ताणणं असतं, आणि इथे तुमच्या "मोठी झाली की बघू" ला माझा खरा विरोध आहे. व्रण ताजा, मऊ असतो तेव्हा फुग्याला चांगला ऐकतो. जुना होऊन कडक झाला की ऐकत नाही, मग कूर्चा लावायच्या मोठ्या ऑपरेशनकडे जावं लागतं. म्हणजे थांबून भूल टाळली असं वाटेल, आणि नंतर जास्त लांब, जास्त वेळा भूल द्यावी लागेल.

भुलीची भीती मला नवीन नाही, रोज कुणीतरी आई ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात हेच विचारते. ही भीती कुठून आली तेही खरं आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यातलं "तीन तास किंवा वारंवार" हे फॉरवर्ड होताना गळून पडलं. दुसरीकडे, हर्नियाचं ऑपरेशन होणाऱ्या ७०० हून जास्त तान्ह्या बाळांचा सात देशांत मिळून अभ्यास झाला, काहींना पूर्ण भूल, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर, आणि ती मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्धी तपासली तर तासाभराच्या एका भुलीने फरक पडलेला दिसला नाही, हे २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तुमच्या मुलीची नुसती तपासणी असेल तर साधारण तासाच्या आतच आटपते. आणि मेंदूला नक्की त्रास देणारी गोष्ट कुठली विचाराल तर झोपेत पुन्हा पुन्हा ऑक्सिजन कमी होणं आणि पोट न भरणं, ती मात्र कदाचित आत्ता रोज चालू आहे.

पण भुलीची एक खरी काळजी आहे आणि ती नणंदेने वाचलेली नाही, म्हणून मी सांगते. आधी जन्मलेली बाळं भुलीनंतरचे काही तास मध्येच श्वास घ्यायचं विसरू शकतात. गर्भातले आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून साधारण ६० होईपर्यंत ही शक्यता धरून चालतात. तुमची ३० अधिक साधारण २२, म्हणजे ५२. त्यामुळे तपासणी दहा मिनिटांत झाली तरी तिला त्या रात्री मॉनिटर लावून हॉस्पिटलमध्ये ठेवायला पाहिजे. तारीख घेताना आपणहून सांगा, "३० आठवड्यांना जन्मलेली आहे, रात्रभर मॉनिटरवर ठेवाल ना", आणि समोरून "नाही, संध्याकाळी घरी" असं ऐकलं तर दुसरीकडे बघा, डॉक्टर कितीही मोठे असू देत.

त्यावरूनच, तिकडे गेल्यावर काय विचारायचं. लोक विचारतात "ऑपरेशन करायला लागेल का", त्याचं उत्तर पहिल्या दिवशी कुणाकडेच नसतं. तुम्ही विचारा, वर्षाच्या आतल्या बाळांची अशी तपासणी तुम्ही नेहमी करता का, भूल कोण देणार, ते नेहमी लहान मुलांनाच देतात का, मुलांच्या आयसीयूत तिच्यासाठी खाट आधी ठरवून ठेवणार का. आणि हा प्रश्न विसरू नका, की आत काही दिसलं तर त्याच भुलीत करून टाकणार की बाहेर येऊन आम्हाला विचारणार. फुगा वगैरे त्याच वेळी केला तर एक भूल वाचते, म्हणून मी म्हणेन आधीच बोलून परवानगी देऊन ठेवा, पण काय काय करायची परवानगी देताय ते नीट समजून. बरेच चांगले लोक एकट्याने ठरवत नाहीत, छातीचा डॉक्टर, पोटाचा डॉक्टर, गिळणं शिकवणारा थेरपिस्ट असे सगळे मिळून बघतात, कारण आम्ल वर येणं आणि दूध श्वासनलिकेत जाणं यांचा घशाच्या सुजेशी फार जवळचा संबंध आहे. तशी सोय असेल तर उत्तम. आणि जे डॉक्टर बघून म्हणतात "सध्या काही करायचं नाही, सहा आठवड्यांनी परत या" त्यांच्यावर चिडू नका, पाच तास प्रवास वाया गेला असं वाटतं मान्य आहे, पण या शाखेत हात न लावणं हे बऱ्याचदा जास्त कठीण काम असतं.

बरोबर काय न्यायचं तर एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या आयसीयूचा) डिस्चार्ज कागद, तो सगळ्यात आधी. त्यात नळीचं माप लिहिलेलं असतं, २.५ की ३, किती दिवस, परत का घातली, काढताना त्रास झाला का. कागदात नसेल तर तिथे फोन करून मागा, तुमचा हक्क आहे. महिन्यामहिन्याची वजनं. चालू औषधं. आणि मोबाईलवर व्हिडिओ, कारण डॉक्टरसमोर गेल्यावर पोरं एकदम शहाण्यासारखी गप्प झोपतात. अंगातलं झबलं काढून, छाती-पोट दिसेल असा, टीव्ही आणि पंख्याचा आवाज बंद करून, एकदा झोपेत, एकदा दूध पिताना, एकदा रडताना. अर्धा अर्धा मिनिट पुरे. तो काढताना तुम्हीही ऐका की आवाज श्वास आत घेतानाच येतो की बाहेर सोडतानाही. ढिल्या स्वरयंत्राचा आवाज आत घेताना येतो. दोन्ही वेळा येत असेल तर वाट कुठेतरी कायमचीच अरुंद आहे असा संशय वाढतो, मग अपॉइंटमेंट मागताना हे आवर्जून सांगा, तारीख लवकर मिळेल. रडण्याचा आवाज बसका, घोगरा वाटतो का तेही सांगा.

नेब्युलायझरबद्दल सासूबाईंशी भांडू नका पण बालरोगतज्ज्ञांना विचारा की त्यात नेमकं कुठलं औषध चाललंय आणि कशासाठी. दम्याची औषधं छातीतल्या बारीक नळ्या मोकळ्या करतात, घशातल्या अडथळ्याला ती काही करत नाहीत, आणि श्वासनलिकाच मऊ असेल तर कधी उलट त्रास वाढतो. कफाचा आवाज जागा बदलतो, खोकल्यावर कमी होतो. महिनोन्महिने रोज तोच, त्याच जागी येणारा आवाज कफाचा नसतो.

आणि हो, कान. तुमचा प्रश्न श्वासाचा आहे मला माहितीये, पण तेच डॉक्टर कानाचेही आहेत. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयू, व्हेंटिलेटर, आणि बहुतेक काही अँटिबायोटिक्स अशी दिली असतील ज्यांचा कानावर परिणाम होऊ शकतो, अशा बाळाची ऐकण्याची तपासणी व्हायलाच हवी. डिस्चार्जच्या वेळी जी पटकन होणारी मशीनची टेस्ट करतात ती पास झाली असेल तरी अशा बाळांना बेरा (आवाजाचा निरोप कानाच्या नसेतून पुढे जातो का बघणारी टेस्ट) करून घ्यावी, कारण कान ठीक पण पुढची नस नीट निरोप नेत नाही असा दोष पहिल्या टेस्टमध्ये सुटू शकतो. झोपेत करतात, दुखत नाही. तिकडे जाताय तर त्याच फेरीत होईल का विचारा.

आता तारखेपर्यंतचे दिवस. पुढचं काहीही दिसलं तर तारीख वगैरे विसरून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, पाच तासांवर नाही. ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी दिसली. श्वास मध्येच थांबला. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळगीत, बरगड्यांखाली खोल खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, डोकं हलतंय. दूध घेतच नाहीये, लंगोट कोरडे राहतायत. किंवा ती एकदम मलूल पडलीय आणि छातीची ओढाताण चालू असताना आवाज मात्र कमी झालाय. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण घरातले म्हणतात "बघ, आवाज गेला, बरं वाटतंय", आणि प्रत्यक्षात आत जाणारी हवाच कमी झालेली असते. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला की आधी जन्मलेली आहे, १६ दिवस नळी होती. नळी घालायची वेळ आलीच तर ते एक माप लहान नळी हाताशी घेतील, त्या वाक्याचा एवढा फायदा आहे.

दूध थोडं थोडं, जास्त वेळा, डोकं उंच धरून, मध्ये थांबून दम घेऊ देत. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर बाहेर, गॅलरीतही नाही. सर्दी झालेल्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा, वाईट दिसलं तर दिसू दे.

आणि निघायच्या आदल्या दिवशी तिलाच सर्दी झाली तर स्वतःच ठरवून तारीख रद्द करू नका. तिकडे फोन करा, सर्दी आहे, ताप आहे की नाही, आवाज किती वाढलाय सांगा. भूल पुढे ढकलायची तर ते ढकलतील, पण बघायला कदाचित त्याच दिवशी या म्हणतील, कारण अशा बाळाचा घसा सर्दीत कसा वागतो हेही त्यांना बघायचं असतं. भुलीआधी दूध किती वाजता बंद करायचं तेही त्याच फोनवर विचारून लिहून घ्या, आईच्या दुधाला साधारण चार तास आणि डब्याच्या दुधाला सहा असा नेहमीचा हिशोब असतो, पण तुमच्या डॉक्टरांचा जो असेल तोच पाळा, आणि त्या तासांच्या आधीचं शेवटचं दूध पहाटे उठवून द्यायला लागलं तरी द्या, उपाशी बाळ ओटीपर्यंत रडत आलं की त्या घशाला ते नको असतं.